संथ प्रेमपट समीक्षकांना भावतो, पण अनेक प्रेक्षकांना जड का जातो?

हिंदीत अधूनमधून असा एखादा प्रेमपट येतो, ज्यात काळ जुना असतो, माणसे मोजके बोलतात, कॅमेरा घाई करत नाही आणि दोन व्यक्तींमधील ओढ नजरेतून, अर्धवट राहिलेल्या वाक्यांतून हळूहळू उलगडत जाते. अशा चित्रपटाच्या प्रदर्शनानंतरचे पहिले दोन-तीन दिवस जवळजवळ ठरलेल्या रीतीने जातात. परीक्षणांत छायाचित्रणाची, अभिनयाची आणि दिग्दर्शकाच्या संयमाची तोंडभर स्तुती होते, तर चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्यांपैकी बरेच जण 'दिसतो सुंदर, पण पुढे सरकतच नाही' असे म्हणतात. मग वादाला तोंड फुटते. एका बाजूला वाटते की प्रेक्षकांची चव बिघडली आहे. दुसऱ्या बाजूला वाटते की समीक्षकांचे पाय जमिनीवर नाहीत. हे दोन्ही आरोप मला चुकीचे वाटतात, कारण त्यांत चित्रपटाकडे कोणी पाहतच नाही.

प्रेक्षकाला संथपणाचा कंटाळा येत नाही, असे माझे ठाम मत आहे. आपण नेमकी कशाची वाट पाहत आहोत हे कळेनासे झाले की त्याला कंटाळा येतो. ते कळणे निम्मे चित्रपटाच्या हाती असते, आणि उरलेले निम्मे जाहिरात, कलाकारांची आधीची प्रतिमा, चित्रगृहातील ध्वनी, मध्यंतर आणि पुढच्या शुक्रवारी येणारा चित्रपट यांवर अवलंबून असते. ही गुंतागुंत नीट उलगडण्यासाठी एकच चित्रपट जवळून पाहणे बरे, आणि त्यासाठी विक्रमादित्य मोटवाने यांचा 'लुटेरा' हे फार चांगले उदाहरण आहे. (पुढील विवेचनात त्याचा शेवट उघड होतो, हे आधीच सांगितलेले बरे.)

'लुटेरा' 5 जुलै 2013 रोजी प्रदर्शित झाला. कथा 1953 सालच्या पश्चिम बंगालमधील माणिकपूर या गावी सुरू होते. तेथील जमीनदाराची मुलगी पाखी (सोनाक्षी सिन्हा) आणि पुरातत्त्व खात्याचा अधिकारी म्हणून त्यांच्या घरी आलेला वरुण (रणवीर सिंग) यांच्यात प्रेम जमते. वरुण खरे तर पुरातन वस्तू चोरणाऱ्या टोळीतला आहे. तो जमीनदाराला लुटून निघून जातो. उत्तरार्ध डलहौसीच्या बर्फात घडतो. क्षयाने खंगलेली, एकटी पडलेली पाखी खिडकीबाहेरच्या झाडाची गळणारी पाने मोजते आहे आणि पोलिसांपासून पळणारा वरुण पुन्हा तिच्याच दारात येतो. हा भाग अमेरिकन कथाकार ओ. हेन्री यांच्या 'द लास्ट लीफ' या कथेवर आधारलेला आहे. समीक्षकांनी चित्रपटाचे मोठे कौतुक केले, तिकीटबारीवर मात्र त्याला मोठे यश मिळाले नाही, आणि वेग हा जवळजवळ प्रत्येक चर्चेतला कळीचा मुद्दा ठरला.

संथपणा नेमका कुठे असतो?

सर्वप्रथम लांबी आणि संथपणा यांची फारकत केली पाहिजे. 'मुघल-ए-आझम' (1960) सुमारे सव्वातीन तासांचा आहे आणि तरीही तो हिंदीतील सर्वाधिक लोकप्रिय चित्रपटांपैकी एक आहे. 'लुटेरा' त्यापेक्षा बराच आटोपशीर, सव्वादोन तासांच्या आसपासचा आहे. म्हणजे घड्याळाने मोजलेल्या वेळेचा कंटाळ्याशी थेट संबंध नाही.

संथपणा निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतो. पहिले ठिकाण संकलनाचे, म्हणजे एक दृश्यतुकडा पडद्यावर किती वेळ टिकतो याचे. चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी दाखवून दिले आहे की 1930 ते 1960 या काळातील हॉलिवूडपटांत एका शॉटची सरासरी लांबी साधारण 8 ते 11 सेकंद असे, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ती बहुतेक चित्रपटांत 3 ते 6 सेकंदांवर आली. आजच्या प्रेक्षकाच्या डोळ्याला हीच सवय लागलेली आहे, त्यामुळे एखादा चेहरा 15 सेकंद पडद्यावर राहिला की 'काहीतरी व्हायला हवे होते' असे त्याला आपोआप वाटू लागते. दुसरे ठिकाण घटनांचे: अर्ध्या तासात कथानक किती पुढे गेले, किती निर्णय झाले, किती नाती बदलली. तिसरे ठिकाण माहितीचे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. पात्राच्या मनात काय चालले आहे हे दिग्दर्शक प्रेक्षकाला किती सांगतो आणि किती राखून ठेवतो, यावर तो संथपणा ठरतो. भरभर तुकडे जोडलेला चित्रपटही घटनाशून्य असू शकतो, आणि एकाच जागी खिळलेल्या कॅमेऱ्यासमोर एखाद्याचे आयुष्य बदलू शकते.

'मुघल-ए-आझम'मध्ये सलीम आणि अनारकली यांचा एक प्रसंग आहे. रात्रीची वेळ आहे, पार्श्वभूमीला तानसेनाच्या गाण्यासाठी बडे गुलाम अली खाँ यांचा आवाज आहे, राग सोहनी आहे, आणि पडद्यावर दिलीपकुमार मधुबालाच्या चेहऱ्यावरून एक पीस फिरवतो आहे. घटना म्हणून पाहिले तर यात काहीच नाही. संवाद जवळजवळ नाहीत. तरीही साठ वर्षांत या प्रसंगाला कोणी रटाळ म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. याचे कारण असे की इथे प्रेक्षकाला सगळे ठाऊक आहे: दोघांचे प्रेम, त्याला असलेला बादशहाचा विरोध, आणि ही रात्र फार टिकणार नाही हेही. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतले शास्त्रीय गायन, ऐकणारा रसिक समेची, तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहतो, आणि ती येणार हे ठाऊक असल्यामुळेच मधली प्रत्येक मात्रा त्याला सुखाची वाटते. या प्रसंगात प्रेक्षकाची अवस्था तशीच असते.

'लुटेरा'च्या पूर्वार्धात काय दडले आहे

'लुटेरा'च्या पूर्वार्धाचे तंत्र सुरुवातीला याच जातीचे आहे. चित्रपटाचे नावच सांगून टाकते की हा तरुण चोर आहे. पाखीला ते माहीत नाही, तिच्या वडिलांना माहीत नाही, आपल्याला मात्र पहिल्या भेटीपासून माहीत आहे. त्यामुळे तो जेव्हा सौजन्याने वागतो, जमिनीची पाहणी करतो, जेवायच्या टेबलावर हसतो, तेव्हा त्या निवांत दृश्यांखाली एक भीती वाहत राहते. ज्यांनी ही भीती धरून ठेवली त्यांना पूर्वार्ध अजिबात संथ वाटला नाही. ज्यांनी नावाकडे लक्ष न देता सरळ एक प्रेमकथा पाहायला सुरुवात केली, त्यांना मात्र तासभर दोन माणसे एकमेकांकडे पाहताना दिसली.

दोन प्रसंग जरा जवळून पाहू. चित्रपटाच्या आरंभी जमीनदार आपल्या मुलीला भिल्ल राजाची गोष्ट सांगतो. त्या राजाचा जीव एका पोपटात असतो. लहानपणी आजीकडून अशा गोष्टी ऐकलेल्या मराठी वाचकाला हा कथाबंध नवा नाही. वडिलांचा जीव मुलीत आहे, एवढाच तिचा अर्थ त्या क्षणी वाटतो, आणि गोष्ट विसरली जाते. दीड तासानंतर पाखी आपला जीव झाडाच्या पानांत आहे असे मानू लागते, तेव्हा कळते की ओ. हेन्रीच्या कथेतील पान बंगालच्या जमीनदाराच्या घरात स्वाभाविकपणे यावे म्हणून लेखकद्वयाने, म्हणजे भवानी अय्यर आणि मोटवाने यांनी, तो पोपट आधीच आणून ठेवला होता. परकी कथा आपल्या मातीत कशी रुजवावी याचा हा वस्तुपाठ आहे, आणि तो गडबडीत करता आला नसता.

दुसरा प्रसंग चित्रकलेचा. पाखी वरुणकडे चित्रकला शिकायच्या निमित्ताने बसते आणि थोड्याच वेळात उघड होते की याला साधे पानसुद्धा धड काढता येत नाही. मग तीच त्याला शिकवू लागते. तो मात्र एक दिवस एक अजोड चित्र काढायचे स्वप्न बोलून दाखवतो. हे दृश्य रमतगमत जाते, त्यात विनोद आहे, लाडिकपणा आहे, आणि कथानकाच्या हिशेबाने ते अनावश्यक भासते. अखेरीस मात्र तोच वरुण, पाखी जगावी म्हणून, रंगवलेले पान बर्फात झाडावर चढून बांधतो. ज्याला पान काढता येत नव्हते त्याने आयुष्यात एकच चित्र काढले आणि ते पानाचे. पूर्वार्धातील ते दृश्य कापून चित्रपट वेगवान केला असता, तर शेवटाचा अर्धा अर्थ त्याबरोबर गेला असता.

इथेच समीक्षक आणि प्रेक्षक यांच्या मतांतील पहिली मोठी दरी दिसते. परीक्षण लिहिणारा माणूस चित्रपट पूर्ण पाहून, मागे वळून लिहितो. त्याच्या दृष्टीने पोपट आणि पान ही जोडी आधीच जुळलेली असते. प्रेक्षक मात्र चित्रपट पुढच्या दिशेने, मिनिटामिनिटाने अनुभवत असतो. चाळिसाव्या मिनिटाला त्याच्या हातात पोपटाची गोष्ट असते, पान नसते. त्यामुळे दोघांनी एकाच दृश्याला दिलेले वेगळे गुण ही रुचीतील तफावत असतेच असे नाही. अनेकदा ते दोघे वेगवेगळ्या वेळी बोलत असतात.

उत्तरार्धाची अडचण वेगळी आहे

मध्यंतरानंतर चित्रपट जणू बदलतो. पिवळ्या, उबदार प्रकाशातील वाडा जातो आणि निळसर, गोठलेले घर येते. पूर्वार्धात पुष्कळ माणसे होती. इथे पाखी, घर सांभाळणारी श्यामा, आणि भाडेकरू म्हणून आलेला वरुण, एवढीच. एका प्रेक्षकाला पूर्वार्ध मोहक आणि उत्तरार्ध कोंडणारा वाटावा, तर दुसऱ्याला पूर्वार्ध लांबलेला आणि उत्तरार्ध हृदयाला भिडणारा वाटावा, हे अगदी स्वाभाविक आहे, कारण दोन्ही अर्धांत वाट पाहण्याचे कारण बदलले आहे. आधी आपण विश्वासघाताची वाट पाहत होतो. आता क्षमेची पाहतो आहोत. विश्वासघात ही घटना आहे, ती एका क्षणात घडते आणि पडद्यावर दिसते. क्षमा तशी दिसत नाही. ती कधी सुरू झाली हे खुद्द पात्रालाही कळत नाही, मग कॅमेऱ्याने ती कुठे टिपायची?

माझ्या मते चित्रपटाची खरी कसोटी आणि काहीशी उणीवही इथेच आहे. ज्या माणसाने बापाला उद्ध्वस्त केले, ज्याच्यामुळे घर बुडाले, त्याला पाखी पोलिसांच्या हवाली का करत नाही, याचे उत्तर चित्रपट मुख्यतः सोनाक्षी सिन्हा यांच्या चेहऱ्यावर सोपवतो. त्यांनी ते काम फार ताकदीने केले आहे, त्यांच्या कारकिर्दीतील तो सर्वोत्तम अभिनय आहे असे मी म्हणेन. तरीही ज्याला ते उत्तर चेहऱ्यावर सापडले नाही, त्या प्रेक्षकाला पुढचा प्रत्येक प्रसंग लांबलेला वाटणार. तो बाहेर येऊन 'उत्तरार्ध फार संथ आहे' असे म्हणेल, पण त्याची खरी तक्रार 'ती असे का वागते हे मला पटले नाही' ही असेल. वेगाबद्दलच्या पुष्कळ तक्रारी मुळात हेतूबद्दलच्या असतात. अशा वेळी दृश्ये छाटून उपयोग होत नाही. उलट एखादे दृश्य वाढवले असते तर चित्रपट अधिक वेगवान वाटला असता.

शेवटाची माहिती असण्या-नसण्याचाही परिणाम होतो. 'द लास्ट लीफ' जगभर वाचली गेलेली कथा आहे. ती ज्याला ठाऊक आहे तो खिडकीतले झाड दिसताक्षणी सावध होतो आणि ते पान कोण, कधी रंगवणार याकडे डोळे लावून बसतो. ज्याला ती ठाऊक नाही त्याच्यासमोर बराच वेळ फक्त एक आजारी मुलगी आणि एक वठत चाललेले झाड असते.

गाणे, कुजबुज आणि ओळखीच्या खुणा

हिंदी प्रेमपटात गाण्याचे काम केवळ करमणुकीचे नसते. नायक-नायिका ओठ हलवून गाऊ लागतात तेव्हा त्यांच्या मनातले बोलून दाखवले जाते, नाते एक पायरी वर जाते आणि प्रेक्षकाला मोकळा श्वास घ्यायला जागा मिळते. 'लुटेरा'त अमित त्रिवेदी यांचे संगीत आणि अमिताभ भट्टाचार्य यांचे शब्द विलक्षण सुंदर आहेत, पण गाणी बहुतांशी पार्श्वभूमीला वाजतात. पात्रे ती गात नाहीत. यामुळे चित्रपटाला वास्तवाचा पोत मिळतो, पण प्रेक्षकाच्या हातून त्याची सवयीची खूण निसटते. प्रेम जमले की नाही हे सांगणारे गाणे नाही, म्हणून ते त्याने स्वतः ओळखायचे. मोनाली ठाकूर यांनी गायिलेले 'सवार लूँ' चित्रपट न पाहिलेल्यांच्याही ओठांवर रुळले. म्हणजे संगीत लोकांपर्यंत पोहोचले, आणि ज्या चित्रपटाचे ते होते तो मात्र अनेकांसाठी दूरच राहिला.

ध्वनीचा मुद्दा क्वचित चर्चिला जातो, पण तो खरोखर निर्णायक आहे. पाखी आणि वरुण यांचे अनेक संवाद कुजबुजत्या आवाजात आहेत. भरलेल्या चित्रगृहात खुर्च्यांचा, बोलण्याचा, वातानुकूलन यंत्रणेचा आवाज असतो, आणि काही ठिकाणी ध्वनियोजनाही यथातथाच असते. कुजबुजलेले वाक्य तिथे पोहोचले नाही, तर प्रेक्षकापुरते ते वाक्य चित्रपटात नाहीच. त्याला ओठ हलताना दिसतात आणि वेळ गेल्याचे जाणवते. तोच प्रसंग नंतर घरी कानांना हेडफोन लावून पाहणाऱ्याला अत्यंत जवळचा वाटतो, कारण कुजबुज आता थेट त्याच्याच कानात होते. चित्रपट तोच असूनही त्याने पाहिलेला चित्रपट वेगळा असतो.

आणखी एक गोष्ट समीक्षकांच्या बाजूने झुकते. संथ दृश्यात डोळ्याला फिरायला वेळ मिळतो, आणि ज्या डोळ्याला पूर्वी पाहिलेले आठवते त्याला तिथे बरेच सापडते. जमीनदाराच्या भूमिकेतील बरुण चंदा हे सत्यजित राय यांच्या 'सीमाबद्ध' (1971) या चित्रपटाचे नायक होते. ढासळत्या जमीनदारीच्या कथेत त्यांना पाहताना बंगाली चित्रपटांच्या जाणकाराला निराळाच आनंद होतो. पाठलाग करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव के. एन. सिंग आहे, आणि याच नावाच्या नटाने त्या काळातील हिंदी चित्रपटांत खलनायक गाजवले होते. 'बाज़ी' (1951) या चित्रपटातील 'तदबीर से बिगड़ी हुई तक़दीर बना ले' हे गाणेही कथेत ऐकू येते, आणि त्या 'बाज़ी'तही के. एन. सिंग होते. बाहेरच्या जगातही मोठी उलथापालथ चालली होती, कारण पश्चिम बंगालमधील जमीनदारी संपवणारा कायदा 1953 सालचाच आहे. तो ठाऊक असेल तर वाड्यातील प्रत्येक निवांत संध्याकाळ शेवटचीच भासते. हुगळी जिल्ह्यातील इटाचुना राजबाडीत या भागाचे चित्रीकरण झाले, आणि त्या खऱ्या भिंतींनी जमीनदारीच्या त्या शेवटाला वजन दिले. ज्याला यांतले काही ठाऊक नाही तो अडाणी ठरत नाही. त्याच्या वाट्याला त्या क्षणांत पाहण्यासारखे कमी आले, इतकेच.

चित्रपट सुरू होण्याआधी ठरलेले मत

प्रेक्षक चित्रगृहात कोऱ्या मनाने येत नाही. 2013 पर्यंत सोनाक्षी सिन्हा यांची ओळख 'दबंग' आणि 'राउडी राठोड' यांसारख्या धडाकेबाज चित्रपटांमुळे झाली होती, आणि रणवीर सिंग 'बँड बाजा बारात'मधील बोलघेवडा, उसळत्या उत्साहाचा तरुण म्हणून लोकांना आवडला होता. त्या दोघांचे नाव वाचून आलेल्या माणसाच्या मनात एक विशिष्ट वेग आधीच बसलेला होता. दिग्दर्शकाच्या नावावरून आलेल्या माणसाची तयारी निराळी होती. मोटवाने यांचा पहिला चित्रपट 'उडान' 2010 मध्ये कान महोत्सवाच्या 'अँ सर्तां रगार' विभागात दाखवला गेला होता आणि शांत, आतल्या आत धुमसणाऱ्या कथनासाठी ते ओळखले जात होते. शेजारी-शेजारी बसलेले हे दोन प्रेक्षक चित्रपट सुरू होण्यापूर्वीच वेगवेगळ्या गोष्टींची वाट पाहत होते.

समीक्षकांबद्दलही एक स्पष्ट बोलले पाहिजे. जो माणूस आठवड्याला दोन-तीन चित्रपट पाहतो, त्याला कर्कश पार्श्वसंगीत आणि ठोकळेबाज विनोद यांचा वीट आलेला असतो. अशा वेळी संयमाने केलेला चित्रपट समोर आला की त्याला दिलासा वाटतो, आणि तो दिलासा कधीकधी गुणांत मिसळतो. चित्रपट वेगळा आहे म्हणून आवडणे आणि चांगला आहे म्हणून आवडणे यांतले अंतर घाईच्या परीक्षणात पुसट होते. 'लुटेरा'ची बहुतेक स्तुती मला रास्त वाटते, पण उत्तरार्धातील हेतूच्या प्रश्नाशी जी परीक्षणे झगडली नाहीत आणि बर्फाच्या सौंदर्यावरच थांबली, त्यांनी वाचकाला अर्धेच सांगितले.

मग येतो आठवड्याचा हिशेब. हिंदी चित्रपटाचे व्यावसायिक भवितव्य बहुधा शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत ठरते. सोमवारी गर्दी ओसरली की खेळ कमी होतात, आणि पुढच्या शुक्रवारी नवा चित्रपट पडदे घेतो. 'लुटेरा'नंतर बरोबर एका आठवड्याने, 12 जुलै 2013 रोजी, 'भाग मिल्खा भाग' आला आणि जोरात चालला. ज्या चित्रपटाचा परिणाम पाहून झाल्यावर दोन-चार दिवस मनात मुरतो, त्याची तोंडी प्रसिद्धीही तितक्याच सावकाश होते, आणि तेवढा अवधी आजच्या व्यवस्थेत त्याला मिळत नाही.

पूर्वी तो कधीकधी मिळत असे. कमाल अमरोही यांचा 'पाकीज़ा' 4 फेब्रुवारी 1972 रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा सुरुवातीचा प्रतिसाद थंड होता. 31 मार्चला मीनाकुमारी यांचे निधन झाले, लोक हळहळत चित्रगृहांकडे वळले, आणि संथ गतीचा तो चित्रपट पाहता पाहता मोठ्या यशापर्यंत पोहोचला. प्रसंग दुःखद होता, पण आठ आठवड्यांनंतरही लोकांना पाहता यावा इतका काळ तो पडद्यावर टिकून होता, हे विसरता येत नाही. अर्थात जुना काळ सगळ्यांवरच मेहेरबान नव्हता. गुरुदत्त यांचा 'काग़ज़ के फूल' (1959) हा भारतातील पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट; व्ही. के. मूर्ती यांच्या छायाचित्रणाला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, पण प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्त यांचे नाव कोणत्याही चित्रपटावर आले नाही. आज तो चित्रपट-अभ्यासक्रमांत शिकवला जातो, पण हे कौतुक ऐकायला ते उरले नव्हते.

'लुटेरा'लाही नंतर प्रेम मिळाले. दूरचित्रवाणी आणि पुढे ओटीटी यांमुळे तो अशा लोकांपर्यंत गेला ज्यांना पुढच्या खेळाची घाई नव्हती, ज्यांना संवाद नीट ऐकू येत होते, आणि ज्यांनी तो स्वतः निवडलेल्या रात्री लावला होता. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला तर पोपटाची गोष्ट आणि पानाचा धडा पहिल्यापासूनच अर्थासह दिसतात. म्हणजे समीक्षकाला मागे वळून लिहिताना जी सोय मिळते, ती आता त्यालाही मिळते. अडचण अशी की या प्रेमाची नोंद पहिल्या आठवड्याच्या आकड्यांत होत नाही, आणि असा पुढचा चित्रपट कोणाला, किती पैशांत करू द्यायचा हे ठरवताना त्याच आकड्यांना वजन असते.

मोटवाने यांचा पुढचा चित्रपट 'ट्रॅप्ड' 2017 मध्ये चित्रगृहांत आला, तो जवळजवळ एकाच सदनिकेत आणि एकाच पात्राभोवती घडणारा. स्वातंत्र्यानंतरच्या त्या जुन्या काळाकडे ते परतले ते 2023 मधील 'जुबिली' या मालिकेतून, जिचे संगीत पुन्हा अमित त्रिवेदी यांचे होते आणि जिचे दहा भाग ओटीटीवर दोन टप्प्यांत आले. तिथे शुक्रवारची गर्दी नाही आणि मध्यंतरही नाही. पण प्रत्येक भागाच्या शेवटी प्रेक्षकाला उठून जाण्याची मुभा असते, त्यामुळे पुढचा भाग का लावायचा याचे कारण दिग्दर्शकाला त्याच्यासमोर दर तासाला नव्याने ठेवावे लागते.